बुधवारचं शास्त्र

पाळकसाहेब,

तुम्ही गेलात ते गेलात, वर माझ्यामागं भलतंच झेंगट लावून गेलात. तुम्हाला माती देऊन सगळे छावणी भागातल्या तुमच्या घरी परतलो. मी पायरीवर चपला शोधत होते, तेवढ्यात करुणाबाई बाहेर आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज तुमच्या बायकोला शोभेल असा खणखणीत. "शास्त्रीबाई, रविवारी स्मरणाची उपासना हाय. तुमी साक्ष द्यायची."

मी म्हटलं, "अहो, मी कसली साक्ष देणार? देवानं माझ्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं, ती तुमची साक्ष. मी देवच मानत नाही. हे तुमच्या नवऱ्याला ठाऊक होतं, चर्चच्या सगळ्या मंडळीला ठाऊक आहे."

"ठाव हाय. त्यांनीच सांगून ठिवलंय, शास्त्रीबाईंना उभं करा म्हून."

म्हणजे ही तुमची करामत! ज्या एका शब्दावरून आपण इतकी वर्षं भांडलो, त्याच शब्दाच्या खुंटीला मला टांगून तुम्ही निघून गेलात. आता समोर असता तर चांगली खरडपट्टी काढली असती. समोर नाही, म्हणून हे लिहिते आहे. रविवार तोंडावर आला आहे आणि खोटं न बोलता तिथं काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

आपली ओळखसुद्धा एका शब्दाच्या घोळातूनच झाली. दुष्काळाचं साल होतं. धरणात मृतसाठा उरलेला, शहरात नळाला कधी पाणी येईल ते नगरसेवकालाही सांगता येत नव्हतं, आणि त्याच वेळी चहूबाजूंनी इमारती मात्र धडाधड उठत होत्या. मी भूजल खात्यात भूशास्त्रज्ञ. जमिनीखालच्या पाण्याबद्दल लोकांना समजावून सांगा, असा वरून हुकूम आलेला. छावणीतून जाताना तुमच्या चर्चच्या फाटकावरची पाटी दिसली. 'दर बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास. सर्वांना अगत्याचे आमंत्रण.' मला वाटलं, अरे वा! या गावात विज्ञानाचं मंडळ चालवणारं कुणीतरी आहे तर. पुढच्या बुधवारी नकाशे, दगडांचे नमुने आणि एक भिंग घेऊन मी हजर.

ख्रिस्ती माणसं आपल्या पवित्र ग्रंथाला नुसतं 'शास्त्र' म्हणतात, हे मला कुठं ठाऊक? आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळे शास्त्री. त्यांचं शास्त्र म्हणजे धर्मशास्त्र. वडील कचेरीत कारकून झाले, आणि मी आडनावाचा मान राखायला भूशास्त्र शिकले, असं आमच्याकडे गमतीनं म्हणत. तिसरंही एक शास्त्र याच शहरात नांदतंय याचा पत्ताच नव्हता. सगळ्यांनी काळ्या पुठ्ठ्याची पुस्तकं उघडली, पेटीवर सूर धरला गेला, आणि माझ्या मांडीवर बेसॉल्टचा हा एवढा धोंडा! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही मात्र एकदा माझ्याकडं पाहिलंत, एकदा धोंड्याकडं, आणि म्हणालात, "आज शास्त्र बाई सांगतील." गंमत करताय का म्हणून मी तुमचा चेहरा बघितला. तिथं गंमत नव्हती. तुम्ही खरंच पहिल्या बाकावर जाऊन बसलात.

मग मी सांगितलं. आपल्या पायाखाली लाव्ह्याचे थरावर थर आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एक थर यायचा, निवायचा, त्याच्यावर माती व्हायची, आणि पुन्हा वरून आग यायची. त्या भाजलेल्या मातीच्या लाल थराचा तुकडा मी हातात धरून दाखवला. कातळ पाणी धरत नाही, ते भेगांत आणि वरच्या मुरमात असतं, म्हणून बोअर घेताना डोळे उघडे ठेवा, एवढं बोलून मी थांबले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक म्हातारी खड्या आवाजात म्हणाली, "आमेन!"

ती सगुणाबाई. मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर तुम्हाला विचारलं, "दगडाला कुणी आमेन म्हणतं का हो?"

"का नाय? आमेन म्हंजे 'खरं हाय'. जुना शब्द हाय तो. पक्कं, हलत नाय असं." तुम्ही व्यासपीठावर अगदी शुद्ध बोलायचात, पण खाली उतरलात की तुमची गंगापूरकडची बोली तोंडात परत यायची. "पण उगं म्हणायचं नसतं. पटलं तरच म्हणायचं. तुमी तुमच्या अहवालाखाली सही करता ना, तसं."

मी म्हटलं, मग माझ्याकडून ते तुम्हाला कधी ऐकायला मिळणार नाही. तुम्ही म्हणालात, "बगू की."

तेव्हापासून बुधवारी चर्चमधून निघालात की तुम्ही उस्मानपुऱ्यात आमच्याकडं चहाला येऊ लागलात. भांडायलाच यायचात खरं तर. पहिल्या दिवशी मी सरळ तोफ डागली. "सहा दिवसांत जग झालं म्हणता, आणि माझा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. आता सांगा."

तुम्ही बशीत चहा ओतलात. "त्या कथेत सूर्य चवथ्या दिवशी येतो. मग पैले तीन दिवस कशानं मोजले?"

"ते मी तुम्हाला विचारायचं!"

"आमच्यातल्या जुन्या पंडितांनी लई आदी इचारून ठिवलंय, तुमची दुर्बीण नव्हती तवा. ते काय येडे नव्हते. दिवस मोजायला नाय लिवलेली ती कथा. हे सगळं कुणाचंय आन् चांगलं हाय का वंगाळ, ते सांगायला लिवलीय." मग बशी खाली ठेवून तुम्ही जे बोललात ते मला अजून पाठ आहे. "ज्याचं कारण सापडत नाय तिथं देव बसवायचा, आन् कारण सापडलं की त्याला उठवायचं, असला भाडेकरू देव माझा नाय. ज्याचं कारण सापडलंय तेबी त्याचंच हाय."

त्या वर्षी उस्मानपुऱ्यात जुनी घरं पाडून इमारती उठत होत्या आणि भाडेकरूंची सामानं रस्त्यावर येत होती. तुमचं म्हणणं मला तिथंच कळलं. पटलं नाही, कळलं. मी वाद घालत राहिले. दुर्बिणीतून आकाश बघणाऱ्या एका म्हाताऱ्याला तुमच्याच धर्मपीठानं गुडघ्यांवर बसवलं, त्याचं काय, म्हणून विचारलं. दुसरा कुणी असता तर वकिली करू लागला असता. तुम्ही मान खाली घातलीत. "आमच्याच लोकांनी केलं. आमची लाज हाय ती." मग म्हणालात, "पण बाई, देवानं जग कसंबी घडवलं असतं. तो मोकळा व्हता. म्हून घरात बसून आंदाज करून भागत नाय, बाहीर जाऊन बगावंच लागतं. त्या म्हाताऱ्याची श्रद्धाबी तीच व्हती." धर्मानं विज्ञानाची वाट अडवली, एवढंच मी कॉलेजात ऐकलेलं. वाट दाखवलीही असेल, हे पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं आणि रात्रभर चडफडत राहिले.

पावसासाठी तुम्ही खास प्रार्थना ठेवलीत तेव्हा तर मी तुम्हाला फाडूनच खाल्लं. हवेचा दाब, समुद्राचं तापमान, सगळं ऐकवलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "लेकरू तापानं फणफणलं तर काय करता?"

"गोळी देते."

"आन् उशाशी बसताबी ना? गोळी काम करती, मग बसता कशाला?"

मी म्हटलं, "बसते, पण बसल्यामुळं ताप उतरला असं म्हणत नाही."

"मीबी म्हणत नाय," तुम्ही म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी टँकरसाठी अर्ज द्यायला मंडळीतल्या चौघांना घेऊन कचेरीत गेलात. म्हणजे उशाशी बसलात आणि गोळीही आणलीत. मला आवडलं होतं ते. तेव्हा बोलले नाही, कारण तुम्ही लगेच शेफारला असता.

मग ते बोअरचं प्रकरण झालं. चर्चच्या आवारात बोअर घ्यायचं ठरलं. पंचांचं म्हणणं, पाळकसाहेबांनी प्रार्थना करून जागा दाखवावी. तुम्ही हात झटकलेत. "मी पाळक हाय, पाणाड्या नाय. शास्त्रीबाईंना बोलवा." मी यंत्र लावून जमीन तपासली आणि सांगितलं, खाली आख्खा कातळ आहे, पाणी लागायचं नाही, खड्डा पाडू नका. मंडळी हिरमुसली. तरी त्यांनी उपास केले, प्रार्थना केली आणि बोअरची गाडी बोलावलीच. मी मुद्दाम बघायला गेले होते. खोटं कशाला सांगू, नुसता कोरडा धुरळा उडताना बघायचा होता मला. आणि थोडंसं खाली गेल्यावरच गाडीवाला ओरडला, "मॅडम, पानी लगा! पानी!"

काय तो जल्लोष! माणसं चिखलात नाचली. सगुणाबाईनं माझ्याच पाठीवर थाप मारली. "बगितलं का, बाई? तुमच्या यंत्राला दिसलं नाय, आमच्या देवाला दिसलं!" बातमी हां हां म्हणता पसरली. सगळ्या शहराची बोअरं आटत चाललेली आणि या एकाचं पाणी चढत होतं. हिंदू, मुसलमान, सगळ्यांच्या रांगा लागल्या. लोक बाटल्या भरून घरी नेऊ लागले, आजाऱ्याला पाजू लागले. 'चमत्काराचं पाणी' असंच नाव पडलं. सगुणाबाईची सून पोटुशी होती, तिला ती रोज सकाळी पेलाभर द्यायची.

त्या आठवड्यात तुम्ही चहाला आलात ते बाटली घेऊनच. टेबलावर ठेवलीत. "तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

"माझं शास्त्र हरलं म्हणतं," मी म्हणाले. जिव्हारी लागलं होतं मला.

"तसं नाय. सगळीकडचं पाणी उतरतंय, हितलंच का चढतंय? तुमाला कोडं पडत नाय का?"

कोडं मला पडायला हवं होतं, ते तुम्हाला पडलं होतं. अहो, सगळं शहर तुमच्या देवाचा जयजयकार करत होतं. गप्प बसायला तुमचं काय जात होतं? ते पाणी तपासायला दिलं. जे नको तेच निघालं. वरच्या अंगाला नवी वसाहत उभी राहिली होती, तिला गटारं नव्हती, नुसते शोषखड्डे. तिथलं मैलापाणी मुरमातून झिरपत उताराला येत होतं आणि थेट तुमच्या बोअरमध्ये उतरत होतं. वसाहत भरत गेली तसं पाणी चढत गेलं. मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खिडकीशी जाऊन उभे राहिलात. मी म्हटलं, पंप नादुरुस्त झाला म्हणा, बंद करून टाका, बभ्रा कशाला? माझ्या तोंडून हे निघालं, पाळकसाहेब, विज्ञानवाल्या बाईच्या तोंडून. तुम्ही मान हलवलीत. "मंग लोक म्हणतील, चमत्कार व्हता, पंप मोडला. खोट्यानं माझा देव मोठा व्हत नाय."

त्या रविवारी मी मागच्या बाकावर बसले होते. उपदेशाच्या वेळी तुम्ही फक्त एवढंच सांगितलंत. हे पाणी कुठून येतं, ते कसं कळलं आणि ते कुणीही का पिऊ नये. "हा चमत्कार नव्हता. मी तपासून घेतलं आहे. तुमच्या आनंदावर विरजण घालतो आहे याचं मला दुःख आहे, पण देवाच्या नावावर मी हे खपवू शकत नाही." सगुणाबाई ताडकन उठली. "पाळकच देवाचं काम मोडाया लागला! त्या बामणीच्या नादी लागून!" तिच्या मागं कितीतरी माणसं निघून गेली. पंच तुमच्याशी बोलेनात. पुढं कित्येक रविवार बाकं रिकामी होती, आणि तुम्ही त्या रिकाम्या बाकांसमोर तितक्याच तयारीनं उपदेश करत होतात. सगुणाबाई परत आली ते सुनेचं बाळंतपण उरकल्यावर, नातवाला घेऊन. तुम्ही काहीच झालं नसल्यासारखं ते पोर तिच्या हातातून घेतलंत. मी देवभोळी नाही, पण माणसाला मोठं म्हणायला मला कधी लाज वाटली नाही. तुम्ही फार मोठे होतात. हे तोंडावर सांगायचं राहून गेलं.

आणि मी काय केलं? त्या रविवारनंतरच्या बुधवारीच तुम्हाला कोंडीत पकडलं. "तुमच्या शास्त्रातल्या चमत्कारांचं पाणी असंच तपासलं असतं तर? मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, त्याचं काय?"

"त्याचा नमुना बाटलीत येत नाय. ते साक्षीवर उभं हाय. ज्यांनी बगितलं त्यांनी सांगितलं."

"साक्ष म्हणजे पुरावा नव्हे."

"साडेसहा कोटी वर्सं तुमी सोता मोजली का? कुणीतरी मोजली, तुमी इश्वास ठिवला."

"पण कुणालाही पुन्हा मोजता येतात!"

"व्हय. तिथं तुमचं बराबर हाय," असं तुम्ही चटकन कबूल केलंत. तुमची ही खोड मला फार छळायची. "पण जे एकदाच घडलं ते परत घडवून कसं दावू?"

"लाव्हाही एकदाच आला. पण तो मागं दगड ठेवून गेला."

तुम्ही मनापासून हसलात. "आन् ह्यो माणसं ठिवून गेला. मंग सवाल येवढाच, की ती माणसं खरं बोलणारी व्हती का."

हे भांडण तिथंच अडकलं, ते शेवटपर्यंत. गेल्या आठवड्यात तुम्ही अंथरुणावर होतात, मी उशाशी बसले होते. हो, बसले होते, लक्षात आलं ना? म्हटलं, आपला तिसऱ्या दिवसाचा मुद्दा राहिलाच की. तुमचे ओठ हलले. "ऱ्हाऊ द्या. तुमचा एक आमेन बी ऱ्हायलाय." त्याच आठवड्यात तुम्ही डोळे मिटले.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज रविवार झाला. जाऊन आले, तेही सांगते.

चर्च भरून माणसं बाहेर मांडवात बसली होती. माझं नाव पुकारलं तशी मी पुढं गेले. मी म्हटलं, मला देवाबद्दल काही सांगता येणार नाही. जे डोळ्यांनी बघितलं तेवढं सांगते. आणि पाण्याची हकिकत सांगितली. तुम्ही बाटली घेऊन आलात ते, खिडकीशी उभे राहिलात ते, आणि मी गप्प बसा म्हणाले तेही. नव्या पोरासोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी खाली येऊन बसले.

तोच सगुणाबाई काठी टेकत उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आता पार वाकली आहे, पण आवाज तोच. "ह्या बाई बोलल्या ते समदं खरं हाय. माझ्या हातात चमत्कार आलता, तो ह्या माणसानं काडून घेतला. लई शिव्या घातल्या मी त्याला. सुनंचं ते पाणी सुटलं, मंग नातू झाला, धडधाकट, आन् माझ्या ध्येनात आलं. ज्यानं आयता आलेला चमत्कार हातचा सोडला, लोकं उठून गेली तरी सोडला, तो माणूस मला म्हणतो की येशू उठला. तो कशाला खोटं सांगल मला?"

अहो, माझ्या ओठांवर लगेच उत्तर आलं होतं! प्रामाणिक माणूससुद्धा चुकू शकतो, खरेपणा वेगळा आणि बरोबर असणं वेगळं. बुधवार असता तर मी हे तुमच्या अंगावर फेकलं असतं आणि तुम्ही बशीत चहा ओतत "व्हय, तिथं तुमचं बराबर हाय" म्हणाला असता. आणि मग त्यातूनच काहीतरी काढून मला पुन्हा रात्रभर चडफडत ठेवलं असतं. मी सवयीनं मान वर करून व्यासपीठाकडं पाहिलं. तिथं तुमचा हार घातलेला फोटो होता. त्याच्या शेजारी करुणाबाईंनी माझा तो भाजलेल्या मातीचा लाल तुकडा ठेवला होता. इतकी वर्षं तो तुमच्याकडंच होता, हे मला माहीतही नव्हतं.

मला रडू फुटलं. सगुणाबाई अजून उभीच होती. सगळ्या चर्चमध्ये तिच्या साक्षीला अजून कुणी दुजोरा दिला नव्हता, आणि तिच्या नजरेला नजर माझीच भिडली.

मी म्हणाले, "आमेन."

तुम्ही खोटं बोलणारे नव्हतात, हे खरं आहे, एवढीच माझी सही त्याच्यावर. बाकीचं भांडण जसंच्या तसं बाकी आहे, पाळकसाहेब, आणि तिसऱ्या दिवशी बुधवार आहे.